पीक संरक्षणासाठी बंदूक : मागणी, कायदा आणि जबाबदारी



मक्याचे कणीस दुधात आले, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या किंवा हरभऱ्याला घाटे लागले की रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत दोन-चार गुंठे मका आडवा करतो. खातो थोडे, तुडवितो जास्त. रोह्यांचा कळप कोवळी तूर आणि हरभरा शेंड्यापासून खुडून नेतो. बी, खत, फवारणी, मजुरी हा सगळा खर्च होऊन गेलेला असतो आणि नुकसान नेमके काढणीच्या तोंडावर होते. त्यामुळे शेतकरी मेळावा असो वा ग्रामसभा, एक प्रश्न हमखास विचारला जातो : "साहेब, आम्हाला बंदुकीचा परवाना का देत नाहीत?"

या प्रश्नावर तावातावाने बोलणारे दोन्ही बाजूंना आहेत. कायद्यात नेमके काय आहे आणि बंदुकीने पीक खरोखर किती वाचते, याची माहिती मात्र फार थोड्यांना असते. ती माहिती सोप्या भाषेत देणे हा या लेखाचा हेतू आहे.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

परवाना मागणाऱ्यांचे म्हणणे असे की, वन्यप्राण्याला कायद्याचे संरक्षण आहे, पण पिकाला नाही. भरपाई मिळते ती उशिरा आणि अपुरी. रात्री बॅटरी आणि काठी घेऊन रानडुकराच्या समोर जाणे म्हणजे जिवाशी खेळ. घायाळ किंवा पिल्लांची मादी सुळ्यांनी व जबड्याने माणसाला फाडते. चोरटी शिकार करणाऱ्याकडे गावठी कट्टा असतो. कायदा पाळणारा शेतकरी मात्र रिकाम्या हाताने राखण करतो.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, पिकासाठी घेतलेली बंदूक बांधाच्या भांडणात, भाऊबंदकीत आणि निवडणुकीच्या वादात बाहेर निघते. रानडुकरासाठी सुटलेला बार माणसाला लागतो. २०२५ च्या सुरुवातीस पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाची गोळी आपल्याच सोबत्याला लागून त्याचा मृत्यू झाला. शिवाय पीक राखण्याच्या नावाखाली काळवीट आणि मोरही मारले जातील, ही भीती आहेच.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून आधी कायदा कसा घडला ते पाहू.

शस्त्र कायदा आला कसा?

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या काळात इंग्रज सरकारने शस्त्र कायदा केला. विनापरवाना शस्त्र बाळगणे हा भारतीयांसाठी गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. या भेदभावाविरुद्ध राष्ट्रीय सभेने वारंवार ठराव केले. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न घटना समितीपुढे आला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. बदललेल्या परिस्थितीत व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा, राष्ट्रावर प्रसंग आला तर शस्त्र उचलण्याच्या कर्तव्यावर भर हवा, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. दुरुस्ती नामंजूर झाली. म्हणून आपल्याकडे बंदूक हा मूलभूत हक्क नाही. ती परवान्यानेच मिळते.

इतर देशांत काय आहे?

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला. तो प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. म्हणून तेथे निर्बंध घालायचे तर सरकारला न्यायालयात कारणे पटवून द्यावी लागतात.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण शेतकऱ्यांच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे एका माणसाने गोळीबार करून ३५ जणांचे प्राण घेतले. त्यानंतर तेथील सरकारने कायदे कडक केले आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तरीही शेतकऱ्यांची बंदूक काढून घेतली नाही. शेती आणि उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त ही तेथे परवान्यासाठी रास्त कारणे मानली जातात. स्वतःचे रक्षण हे कारण मात्र चालत नाही. म्हणजे बंदूक हवी असणाऱ्याने ती कोणत्या कामासाठी हवी ते सांगायचे आणि तेवढ्याच कामासाठी ती वापरायची.

आपल्या देशातही अपवाद आहेत. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यातील कोडव समाज आणि जम्मा जमीनधारक यांना परवान्यातून सूट आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरविली. आपल्या सिंधुदुर्गात शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक ही अनेक घरांतील जुनी वस्तू आहे. मराठवाड्यात ती परंपरा तुलनेने कमी. त्यामुळे येथे अर्ज करणाऱ्याला माहितीही कमी मिळते.

एक नव्हे, दोन परवानग्या

येथे बहुतेकांची गफलत होते. बंदूक बाळगण्याचा परवाना आणि प्राणी मारण्याची परवानगी या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळते. दुसरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वन खात्याकडून घ्यावी लागते. खिशात बंदुकीचा परवाना आहे म्हणून रानडुकरावर बार टाकला, तर तो गुन्हाच होय. तसेच वन खात्याची परवानगी आहे म्हणून विनापरवाना बंदूक वापरता येत नाही.

अ) बंदुकीचा परवाना

१. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी नागरिकाला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे कायदा म्हणतो. परिस्थिती पाहून ठासणीची बंदूक पुरेशी नाही, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास आतून आटे नसलेल्या, म्हणजे गुळगुळीत नळीच्या, दुसऱ्या बंदुकीचाही परवाना देता येतो.

२. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे. अर्ज ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे करावा लागतो. पडेगाव-मिटमिट्यासारख्या शहरालगतच्या भागातील शेतकऱ्यांनी आपली जमीन कोणत्या हद्दीत येते, याची खात्री आधी पोलीस ठाण्यात करून घ्यावी. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज नुसता पडून राहतो.

३. अर्जासोबत ओळख व रहिवासाचे पुरावे, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. शेतीसाठीच्या अर्जाला सातबारा, पीक नोंद आणि पूर्वीच्या नुकसानीचे पंचनामे जोडावेत. पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो.

४. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ मध्ये म्हटले आहे. अल्पभूधारकांनी हे ध्यानात ठेवावे. परवाना नाकारल्यास अधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती मागून घ्यावीत. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच ती देण्याचे टाळता येते. नकाराविरुद्ध मुदतीत अपील करता येते.

५. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान दोन व कमाल पाच वर्षे कैद आणि दंड आहे. लग्न-वरातीत बेपर्वाईने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

६. वडील वारल्यावर त्यांची बंदूक घरातच राहते, असे खेड्यांत नेहमी घडते. हे बेकायदेशीर आहे. परवानाधारक वारल्यास किंवा मुदत संपल्यास बंदूक पोलीस ठाण्यात अगर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करावा. परवानाधारकाचे वय ७० झाले असल्यास किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे असल्यास हयातीतही वारसाला अर्ज करता येतो.

७. निवडणूक काळात बंदुका जमा करण्याचे आदेश निघतात आणि नेमका तो काळ सुगीचा असू शकतो. सरसकट सर्वांच्या बंदुका जमा करू नयेत, प्रत्येक परवाना तपासून निर्णय घ्यावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील एका परवानाधारकाच्या प्रकरणात सांगितले आहे. त्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते. ज्यांच्या पिकाला खरेच धोका आहे, त्यांनी तिच्याकडे लेखी विनंती करावी.

ब) प्राणी मारण्याची परवानगी

वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टांची २०२२ च्या दुरुस्तीने फेरमांडणी झाली. रानडुक्कर व नीलगाय आता परिशिष्ट दोनमध्ये आहेत. असा प्राणी माणसाच्या जिवाला अथवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कलम ११ खाली तो मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही यांच्याबाबत हे काम वनक्षेत्रपालाच्या पातळीवर आणले. मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता असतो. त्याचे मांस वाटून घेणे हा गुन्हा आहे.

काळवीट आणि मोर परिशिष्ट एकमध्ये आहेत. पिकाच्या नुकसानीसाठी त्यांना मारण्याची परवानगी मिळूच शकत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षांपर्यंत आहे. रात्रीच्या बॅटरीत काळवीट आणि रोह्याचे पिल्लू यांतील फरक नेहमीच दिसतो असे नाही. म्हणून खात्री नसेल तर बार टाकू नये.

केंद्र शासन कलम ६२ खाली ठरावीक भागासाठी व मुदतीसाठी एखाद्या प्राण्याला उपद्रवी घोषित करू शकते. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुकरासाठी आणि २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुकरासाठी अशी अधिसूचना निघाली. बिहारमधील मोकामा भागात सुमारे २५० नीलगायी मारल्या गेल्यावर जून २०१६ मध्ये केंद्रातील दोन मंत्र्यांतच, मेनका गांधी व प्रकाश जावडेकर यांच्यात, जाहीर वाद झाला. केरळने २०२२ मध्ये वेगळा मार्ग काढला. तेथे ग्रामपंचायतीच्या प्रमुखाला परवानाधारक नेमबाजाकडून रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार दिले. प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती बंदूक न देता गावासाठी मोजके प्रशिक्षित नेमबाज ठेवण्याची ही पद्धत विचार करण्याजोगी आहे.

बंदुकीने पीक किती वाचते?

किडीबाबत आपण आर्थिक नुकसान पातळी पाहून फवारणी करतो. येथेही हिशेब तसाच करावा. रानडुकराची मादी सुमारे चार महिन्यांत वितेत येते आणि एका वेतात चार ते सहा किंवा अधिक पिल्ले देते. कळपातील एखादे-दुसरे जनावर मारल्याने संख्या फारशी घटत नाही. कळप बिथरून शेजारच्या शिवारात जातो आणि काही दिवसांनी परततो. निवारा व चारा तसाच असेल तर रिकामी जागा पुन्हा भरते. मका, ऊस यांसारखी उंच, दाट पिके आणि नाल्याकाठची वेडी बाभूळ हा त्यांचा निवारा होय. आपल्या पिकांच्या रचनेतच या प्रश्नाचे एक मूळ आहे.

बार किती दूर जातो?

बारा बोअरच्या बंदुकीतील छऱ्यांचा उपयोग साधारण ३० ते ३५ मीटरपर्यंत. पण छरे तेथे थांबत नाहीत. नळी वर धरून सुटलेला बारीक छरा अडीचशे मीटरपर्यंत आणि मोठा छरा सातशे मीटरच्या आसपास जाऊ शकतो. आता आपल्या शेताचे माप घ्या. एक हेक्टर चौकोनी शेताची बाजू १०० मीटर असते. म्हणजे मोठा छरा सहा-सात शेते ओलांडू शकतो. पडेगावसारख्या ठिकाणी, जेथे एकीकडे दौलताबादकडील डोंगर आणि दुसरीकडे वाढत्या वसाहती आहेत, तेथे सात शेतांपलीकडे कोणाचे तरी घर किंवा रस्ता असतोच. डोक्याइतक्या मक्यात पलीकडे राखण करणारा शेजारी दिसत नाही.

म्हणून परवाना असला तरी पुढील नियम पाळावेत :

१. प्राणी स्पष्ट ओळखल्याशिवाय, आवाजाच्या किंवा हलत्या पिकाच्या अंदाजाने बार टाकू नये.
२. प्राण्याच्या मागे मातीचा उंचवटा किंवा बांध असावा. माळ्यावरून खाली जमिनीकडे मारलेला बार सपाटीवरील बारापेक्षा सुरक्षित असतो.
३. त्या रात्री शिवारात कोण कोठे राखणीला आहे, हे आधी ठरवून घ्यावे.
४. चालताना व माळ्यावर चढताना बंदूक भरलेली ठेवू नये.
५. दारू पिऊन बंदुकीला हात लावू नये.

घरातील बंदूक

हा मुद्दा सभांतून सहसा कोणी काढत नाही, पण मराठवाड्यात तो टाळून चालणार नाही. नापिकी, कर्ज आणि खचलेले मन यांनी आपल्या भागातील अनेक कुटुंबांचा कर्ता माणूस नेला आहे. निराशेचा तो प्रसंग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळी हाताशी काय आहे, यावर जीव वाचणे अवलंबून असते. घरात बंदूक असली की आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढतो, असे परदेशांतील अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. कीटकनाशकाचा डबा कुलपात ठेवा, असे आम्ही सांगतो. बंदुकीला तोच नियम अधिक कडकपणे लावावा. बंदूक एका कुलपात, दारू व काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि किल्ल्या वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. घरात कोणी फार खचलेले असेल, दारूच्या आहारी गेले असेल किंवा भाऊबंदकीचा वाद पेटला असेल, तर परवान्याचा विचार पुढे ढकलावा. बंदूक असल्यास ती जमा करावी. त्या माणसाला डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

बंदुकीआधी करावयाचे उपाय

१. सामुदायिक कुंपण : एका हेक्टर चौकोनी शेताला ४०० मीटर कुंपण लागते. लगतचे चार हेक्टर चौकोनात एकत्र घेतल्यास ८०० मीटर, म्हणजे हेक्टरी २०० मीटर. सोळा हेक्टरला १,६०० मीटर, म्हणजे हेक्टरी फक्त १०० मीटर. गट केल्यास खर्च चौथाईवर येतो.

२. सौर कुंपण : यात यंत्रातून क्षणभराचे झटके जातात. प्राणी पळतो, मरत नाही. तारेखालचे गवत वेळोवेळी काढावे. वनालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते. खांबावरची वीज थेट तारेत सोडणे हा मात्र गुन्हा आहे. त्याने शेजारी, सालगडी आणि स्वतः शेतकरीही मेले आहेत.

३. कडेची पिके : रब्बीत शेताभोवती काटेरी करडईच्या चार-पाच ओळी घ्याव्यात. मक्याभोवती एरंडीच्या ओळी घेता येतात. एकट्याने हा उपाय पुरत नाही, पण राखणीचा भार हलका होतो.

४. निवारा कमी करणे : बांध व नाल्याकाठची वेडी बाभूळ काढावी. मका, ऊस यांसारखी पिके शिवारात विखुरलेली न ठेवता शक्यतो एकाच पट्ट्यात घ्यावीत, म्हणजे राखण सोपी जाते.

५. स्फोटके नकोत : फळात किंवा पिठात गावठी बॉम्ब ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे. मे २०२० मध्ये केरळात अशा स्फोटकाने गाभण हत्तीण मेली. आपल्याकडे त्याला तोंड लावतात ती गावातलीच गुरे आणि कुत्री.

६. भरपाई : नुकसान दिसताच, शक्यतो त्याच दिवशी, वन कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि छायाचित्रे काढावीत. पंचनाम्याआधी पीक मोडू नये. वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान खरीप २०२६ पासून पीक विम्यात जोडजोखीम म्हणून घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यात ७२ तासांत कळविण्याची अट आहे. आपला जिल्हा व प्राणी त्यात आहे का, हे कृषी कार्यालयात विचारावे.

मागावे काय?

सरसकट प्रत्येकाला बंदूक आणि सरसकट कोणालाच नाही, या दोन्ही मागण्यांनी पीक वाचत नाही. ज्याच्या शेतात नुकसान वारंवार होते, कुंपणादी उपाय करूनही जे थांबत नाही आणि ज्याच्या शेताभोवती बार टाकण्याइतके सुरक्षित अंतर आहे, अशा शेतकऱ्याचा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहू नये. ठराविक मुदतीत होकार किंवा सकारण नकार मिळावा, ही मागणी रास्त आहे आणि कायद्याला धरून आहे. वसाहतींलगतच्या गावांनी मात्र वैयक्तिक परवान्यापेक्षा वन खात्याच्या देखरेखीखालील प्रशिक्षित नेमबाजांची मागणी ग्रामसभेत किंवा गटामार्फत करावी.

खरिपाच्या पेरणीपूर्वी गटाची एक बैठक घ्यावी. गेल्या दोन हंगामांत कोणत्या गटात, कोणत्या पिकाचे, कोणत्या प्राण्याने नुकसान केले, याची नोंद एका वहीत करावी आणि पंचनाम्यांच्या प्रती एकत्र लावाव्यात. कुंपणाचे अनुदान मागायचे असो, भरपाई, वन खात्याची परवानगी किंवा बंदुकीचा परवाना, प्रत्येक कचेरीत पहिला प्रश्न पुराव्याचा असतो. ती वही आपल्याजवळ तयार असावी.